मलयाट्टूरचा कुरिशुमुडी डोंगर : गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन चढावा का?

मृद्गंध
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन केरळला जातेय. मुन्नार, हाउसबोट वगैरे काही नाही. एकच ठिकाण ठरलंय, मलयाट्टूर. पेरियार नदीच्या काठी कुरिशुमुडी नावाचा डोंगर आहे. कुरिशु म्हणजे क्रूस, मुडी म्हणजे माथा. उंची ६०९ मीटर. येशूचा शिष्य संत थॉमस या डोंगरावर येऊन प्रार्थना करायचा, अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.

आम्ही ख्रिस्ती नाही. आई एकतीस वर्षं नर्स होती आणि वॉर्डात तिची जोडीदारीण मल्याळी. आई तिला चेची म्हणायची, म्हणजे ताई. कित्येक रात्रपाळ्यांना दोघी एका डब्यात जेवल्या. चेची दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत रजा टाकून हा डोंगर चढायला गावी जायची आणि येताना आईसाठी एक मेणबत्ती आणायची. आमच्या देवघरात ती समईशेजारी लागायची. "एकदा तुला घेऊन जाते" म्हणता म्हणता दोघी रिटायर झाल्या, चेची गावी गेली आणि गेल्या ऑगस्टमध्ये वारली. तेव्हापासून आईने एकच धरलंय, मला तो डोंगर चढायचाय.

आईचं वय ६७. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. तर कोणी गेलंय का तिथे? वाट कशी आहे? आणि उपवासाच्या गर्दीत जावं की दुसऱ्या कुठल्या महिन्यात?

रानवाटा
मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत चढलोय. पायऱ्या फार कमी. बाकी खडक, मुळं आणि वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेले दगड. सह्याद्रीत फिरणाऱ्याला तास-सव्वा तास पुरतो. मध्ये काही ठिकाणी चांगलीच उभी चढण आहे. वाटेवर चौदा क्रूस आहेत, त्यामुळे किती आलो आणि किती राहिलं ते कळत राहतं.

माथ्यावरून जे दिसतं त्याला तोड नाही. खाली पेरियारचं वळण, पायथ्याचं मणप्पाट्टुचिरा तळं, नारळीच्या आणि रबराच्या बागा, आणि पूर्वेला एकामागे एक निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा. सकाळी सातला नदीवर धुकं होतं आणि त्यातून फक्त झाडांचे शेंडे वर आलेले. मी तासभर हललो नाही.

पण मनापासून सांगतो, आईंना नेऊ नका. चढताना दम लागेल, तो बसलं की भरून निघतो. गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो आणि तेव्हा माघारी फिरायची सोय नसते. न्यायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, पहाटे. मार्चच्या उन्हात तो खडक तापतो.

निशिगंध
वाचतेय. आईंना नमस्कार सांगा.

कोचीवाला
मी मूळ साताऱ्याचा. नोकरीमुळे अकरा वर्षं अंगमालीत राहतो, तिथून मलयाट्टूर जवळ. दर वर्षी एकदा तरी चढतो.

रानवाटांचं वाटेबद्दल म्हणणं बरोबर आहे, महिन्याबद्दल मात्र पटत नाही. जानेवारीत तो एक छान डोंगर असतो, एवढंच. उपवासात रात्रभर लोक चढत असतात, वाटेवर दिवे असतात. पाणी आणि संभारम, म्हणजे आलं-मिरची घातलेलं पातळ ताक, मिळत राहतं. मुख्य म्हणजे तुम्ही एकटे नसता. पाय घसरला तर चार हात पुढे येतात. ६७ वर्षांच्या बाईसाठी मला तरी हीच वेळ जास्त सुरक्षित वाटते. फक्त शुक्रवार आणि शनिवार-रविवारची रात्र टाळा. गुड फ्रायडेला आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी तर वाटेवर पाऊल टाकायला जागा नसते. या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे तुमचा आठवडा त्याआधीचा. बुधवारी किंवा गुरुवारी पहाटे साडेतीन-चारला चढायला लागा.

रेल्वेने येणार असाल तर नेत्रावतीने आलुव्याला उतरा. तिथून किंवा अंगमालीहून बस मिळते. अंगमाली स्टेशनच्या पाटीवर 'अंगमाली फॉर कालडी' असं लिहिलंय, ती वाचून गोंधळू नका.

आणि पावसाळ्यात अजिबात नको. शेवाळलेल्या खडकावर मीच दोनदा आपटलोय.

दर्यावर्दी
थोडं वेगळं मत मांडतो. आपण भाविक नसू तर दुसऱ्यांच्या यात्रेच्या ऐन गर्दीत जाऊन त्यांची जागा का अडवायची? निसर्ग बघायचा असेल तर शांत दिवसांत जावं.

आणि संत थॉमसच्याच डोंगरावर जायचं असेल तर चेन्नईचा सेंट थॉमस माउंट आहे. पायऱ्या आहेत, पण गाडी थेट वरपर्यंत जाते. शेजारीच विमानतळ, त्यामुळे वरून धावपट्टी आणि सगळं शहर दिसतं. तिथला चर्च पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये बांधला. गुडघ्यांचा प्रश्नच मिटतो.

मृद्गंध
दर्यावर्दी, चेन्नईचा पर्याय मी आईला सांगितला होता. ती म्हणाली, "चेची तिथे जायची का?" पुढे मी बोलले नाही.

सोनचाफा
मी वसईची, कॅथलिक. आमची मलयाट्टूरला दोनदा जत्रा गेलीय.

दर्यावर्दी, तुमच्या मनातला आदर कळतो, पण जागा अडवण्याचा प्रश्न येत नाही. आमच्या वांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरच्या जत्रेत कितीतरी हिंदू घरं नवस फेडायला येतात. मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही इथे कसे? कुरिशुमुडीवर आमच्या पुढे एक बाई चढत होत्या, कपाळाला चंदन. दर वर्षी येतात म्हणाल्या.

उपवासकाळाबद्दल थोडं सांगते. आमचा, लॅटिन पद्धतीचा, चाळीस दिवसांचा. राखेच्या बुधवारी सुरू होतो. तिथल्या सीरो-मलबार, म्हणजे सीरियाई परंपरेतल्या कॅथलिक लोकांचा पन्नास दिवसांचा, आणि तो सोमवारी सुरू होतो. वाटेवरचे चौदा क्रूस म्हणजे क्रूसाची वाट, येशूला शिक्षा झाल्यापासून कबरेत ठेवेपर्यंतची चौदा स्थानं. प्रत्येक स्थानाशी थांबून प्रार्थना करायची असते. म्हणजे थांबणं हा त्या चढण्याचाच भाग आहे. आईंना दर पाच-दहा मिनिटांनी बसावं लागलं तरी तिथे कोणाला वेगळं वाटणार नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारीच मुख्य सण का, तर त्या दिवशी शुभवर्तमानातला थॉमसचा प्रसंग वाचतात. बाकी शिष्यांना उठलेला येशू दिसला तेव्हा थॉमस नव्हता. जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं तो म्हणाला. आठ दिवसांनी येशू समोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, 'माझा प्रभू व माझा देव!'

तात्या
धागा छान चाललाय, त्यात इतिहासाची थोडी भर.

थॉमस इ.स. ५२ मध्ये मुझिरिस बंदरात, म्हणजे कोडुंगल्लूरच्या परिसरात उतरला, ही केरळातली परंपरा. त्याचा समकालीन लेखी पुरावा नाही. 'थॉमसची कृत्यं' हा जुना सीरियाक ग्रंथ त्याला गोंडोफरेस राजाकडे नेतो, आणि त्या राजाची नाणी सापडतात ती वायव्येकडे. त्यामुळे अभ्यासकांत मतभेद आहेत.

पण त्या काळी कोणी तिकडून केरळात येणं अशक्य होतं का? मुळीच नाही. रोमन जहाजं मिऱ्यांसाठी मुझिरिसला येतच होती. व्हिएन्नामध्ये दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे. हर्मापोलोन नावाच्या जहाजातून मुझिरिसहून आलेल्या मालाचा हिशेब त्यात आहे. पट्टणम गावच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. जिथे मिऱ्यांसाठी जहाजं येतात, तिथे माणूसही येऊ शकतो.

दर्यावर्दी
तात्या, 'येऊ शकतो' आणि 'आला' यात फरक आहे.

तात्या
आहेच, म्हणून परंपरा म्हटलं. पण इतक्या पिढ्यांनी जपलेली परंपराही इतिहासाचंच साधन आहे, ते बाजूला सारता येत नाही.

निशिगंध
दोघांनी आपापला क्रूस घेऊन वर चढा, माथ्यावर पोचेपर्यंत भांडण मिटेल :)

अबोली
कोचीवाला, कालडीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. मलयाट्टूरला जाताना वाटेत कालडी लागतं, आद्य शंकराचार्यांचं जन्मगाव. मल्याळममध्ये कालडी म्हणजे पाऊल, पावलाचा ठसा. आणि वर कुरिशुमुडीवर खडकात जे ठसे दाखवतात, तीही थॉमसची पावलंच. एकाच नदीच्या काठी दोन पावलं. मला हे तिथे गेल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं.

कालडीची एक कथा मृद्गंधच्या आईंसाठी. शंकराच्या आईला, आर्याम्बेला, उतारवयात लांब नदीवर जाववेना. एकदा ती वाटेतच चक्कर येऊन पडली. शंकराने प्रार्थना केली आणि पूर्णा नदी वळसा घेऊन घराजवळून वाहू लागली. पूर्णा म्हणजेच पेरियार.

रानवाटा
अबोली, मग मृद्गंधताईंनी डोंगरालाच जरा खाली यायला सांगावं :) माझा आक्षेप तेवढ्यानेच मिटेल.

हाडवैद्य
मी अस्थिरोगतज्ज्ञ. तपासल्याशिवाय 'जा' किंवा 'नका जाऊ' म्हणणार नाही, तुमच्या डॉक्टरांना विचाराच. चालण्यापुरतं सांगतो.

एका काठीने भागणार नाही, दोन घ्या. उतरताना काठ्या आधी खालच्या दगडावर टेकवायच्या, मग पाय. उंच टप्प्यावर आडवं उतरायचं. आईंच्या पाठीवर काही देऊ नका. चढण्याआधी दुखू नये म्हणून गोळी घेणं मला पसंत नाही, कारण कुठे थांबायचं हे ते दुखणंच सांगतं. आणि आजपासून रोज मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम. हाताशी सात आठवडे आहेत, ते कमी नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, थांबायची खूण घरीच ठरवा. सूज आली, किंवा गुडघा दगा देतोय असं वाटलं, की तिथूनच परत. माथा दोनशे पावलांवर असला तरी.

कोचीवाला
डॉक्टरांना अनुमोदन.

एक राहिलं. वर जाताना घोष ऐकू येईल. एक जण म्हणतो 'पोन्निन कुरिशुमुत्तप्पो', बाकीचे म्हणतात 'पोन्मला कयट्टम'. सोन्याच्या क्रूसाच्या आजोबा, हा सोन्याचा डोंगर चढतोय. मुत्तप्पन म्हणजे आजोबा. तिथले लोक संताला आजोबा म्हणून हाक मारतात. थॉमसने खडकावर बोटाने क्रूस काढला आणि तिथे सोन्याचा क्रूस प्रकटला, अशी कथा आहे, त्यावरून हा घोष. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थेट दिवेघाट आठवला. लयच तशी आहे, पाय आपोआप पडतात.

मृद्गंध
सगळ्यांची आभारी आहे. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, अट हाडवैद्य म्हणाले तीच. आई रोज सकाळी खुर्चीत बसून व्यायाम करते आणि मला आकडे मोजायला लावते. आल्यावर लिहिते.

निशिगंध
धागा वर काढतेय. मृद्गंध, कसं झालं?

मृद्गंध
कालच परत आलो.

गुरुवारी पहाटे पावणेचारला चढायला सुरुवात केली. पायथ्याशी लोक लहान-लहान लाकडी क्रूस विकत घेत होते. आमच्या पुढे नऊ पुरुषांचा गट होता. त्यांनी ओंडक्याचा मोठा क्रूस खांद्यावर घेतलेला, पाय अनवाणी. त्यांचा पुढारी हाक द्यायचा, बाकीचे उत्तर. चौथ्या क्रूसापर्यंत आई त्यांच्याबरोबर 'पोन्मला कयट्टम' म्हणायला लागली होती. रात्रपाळीत चेची गुणगुणायची ते हेच, म्हणाली. इतकी वर्षं ती ते अंगाईगीत समजत होती.

कोचीवाला, तुमचं खरं होतं. सहाव्या क्रूसाच्या वरच्या उभ्या टप्प्यावर दोन मुलांनी न विचारता आईच्या कोपरांना धरलं, वर सोडलं आणि निघून गेली.

नवव्या क्रूसाशी उजव्या गुडघ्याला सूज आली. आई स्वतःच म्हणाली, इथे थांबायचं ठरलं होतं. एका सपाट दगडावर बसली, मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि मला वर पाठवलं. एकटीला सोडून जायला मन होईना, पण ती माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढताना तिचा जसा चेहरा व्हायचा, तसा केला होता.

वर पोचले तेव्हा उजाडत होतं. रानवाटा, धुकं तुम्ही लिहिलं होतं तसंच, फक्त नदी आधी दिसलीच नाही. कापसासारखा एक लांब पट्टा वाकडातिकडा पडला होता आणि शेवयांसारखे धागे त्यातून सुटत होते. ऊन आल्यावर पट्टा फाटला आणि मग आत पाणी चमकलं. जंगलाच्या बाजूला सगळं अजून काळंनिळं होतं. हत्तींनी धडका दिलेली जुनी पळ्ळी, म्हणजे चर्च, पाहिली. पावलांच्या ठशांपाशी रांग होती. मेणबत्ती लावली. शेजारच्या बाईंची विझली, ती मी माझ्या ज्योतीवर पेटवून दिली.

दीड तासाने खाली आले, तर आईभोवती माणसं जमलेली. धावतच गेले. ती पाय पसरून बसली होती आणि एका पोराचा फुटलेला अंगठा मांडीवर घेऊन पुसत होती. घरून निघताना तिने पिशवीत कापूस, गॉझ आणि आयोडीन टाकलं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं. अनवाणी चढणारे इतके लोक, कोणाची नखं उखडलेली, कोणाची टाच चिरलेली. तिने तेवढ्या वेळात अकरा जणांचे पाय बांधले. बँडेज संपल्यावर स्वतःच्या गुडघ्याचं क्रेप सोडून कापलं. पोरं तिला अम्मच्ची म्हणत होती. एक तिच्याच वयाच्या बाई ताकाचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चेची, हे घ्या.

आई मल्याळममध्ये बोलत होती. मोडकं, पण बोलत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

शनिवारी चेचीच्या मुलीकडे जेवायला होतो. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी तिथे घरोघरी कोळुक्कट्टा करतात. तांदळाची उकड, आत गूळ-खोबरं. आपला मोदकच. आईने हात धुतले आणि सरळ करायला बसली.

सोनचाफा
मृद्गंध, दोनदा वाचलं. नववं स्थान म्हणजे येशू तिसऱ्यांदा पडतो ते. पुढच्या उपवासकाळात आमची जत्रा गेली तर मी पिशवीत गॉझ घेऊन जाणार.

दर्यावर्दी
जागा अडवण्याबद्दल मी वर लिहिलं होतं, ते शब्द मागे घेतो. आईंना माझा नमस्कार.

रानवाटा
उतरायला किती वेळ लागला? आणि गुडघा कसा आहे?

मृद्गंध
दोन तास दहा मिनिटं. सगळे उंच टप्पे आडवे उतरलो, दोन काठ्यांनी. कालपासून सूज उतरतेय, आज डॉक्टरांना दाखवलं. आठवडाभर विश्रांती सांगितलीय. जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. काठीच्या टोकाला नवीन रबर बसवून घ्या. आईच्या एका काठीचं झिजलं होतं आणि गुळगुळीत खडकावर ती दोनदा सटकली.

निशिगंध
आणि कोळुक्कट्टा? कृती लिही ना, चेचीच्या मुलीची.

मृद्गंध
उकड मोदकासारखीच, फक्त जरा घट्ट. सारणात जिरं आणि वेलची. खोबरं गुळात शिजवून फार कोरडं करायचं नाही. पारीला कळ्या पाडायच्या नाहीत, लाडवासारखं गोल वळून बंद करायचं. आईने सवयीने पहिल्या चारांना कळ्या पाडल्या. चेचीच्या मुलीने ते चार वेगळ्या ताटलीत काढले आणि आईच्या, म्हणजे चेचीच्या, फोटोपुढे ठेवले.